मंगळाची माती, काळी पडणारी पट्टी आणि तळपायाची आग : एका संदेशाला उत्तर

सोलापुरातल्या कितीतरी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘नासाने दडवलेला शोध’ असे त्याचे शीर्षक असून त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. मंगळावरची माती वेदना शोषून घेते, हे यानावरच्या रासायनिक सेन्सरांनी सिद्ध केले आहे. त्याच मातीतले खनिज आणि तोच सेन्सर असलेली पट्टी रात्री तळपायाला लावली की शरीरातले विष ओढले जाते आणि पट्टी काळी पडते. वेदना फक्त मेंदूत असते, त्यामुळे गोळ्या निरुपयोगी आहेत, त्या बंद कराव्यात. आणि ज्यांना पट्टी परवडत नाही त्यांनी आपली काळी माती, जी मंगळाच्या मातीसारखीच आहे, तव्यावर तापवून तीत रोज रात्री पाय ठेवावेत. माझ्या मावशीने पट्टी मागवली, गोळ्या बंद केल्या आणि माती तापवली. तिने उमेदीची सगळी वर्षे टॉवेलच्या कारखान्यात शिलाई केली आहे, तिला मधुमेह आहे, आणि रात्री तिच्या तळपायांची आग होते. नेमक्या अशाच माणसांसाठी हा संदेश लिहिलेला दिसतो, म्हणून त्याला गप्प राहून उत्तर देणे मला मान्य नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करते, कारण बाकीचे दावे पैसे आणि वेळ घालवतात, हा मात्र पाय घालवू शकतो. मावशीने कुंडीतली माती चाळली, तव्यावर भाजली, परातीत ओतली आणि तीत पाय रोवून बसली. ऊब बरी वाटते आहे, असेच ती सांगत होती. सकाळी अंथरुणावर ओला डाग दिसला तेव्हा वहिनीने तिचा पाय उलटून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटला होता आणि त्याभोवतीची कातडी पांढरी पडली होती. मावशीला तो दुखत नव्हता. ‘दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही’ असे ती आम्हालाच समजावत होती.

न दुखणे हेच इथले मोठे संकट आहे. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचे एक प्रथिन असते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे प्रथिन उघडते, मज्जातंतू संदेश पाठवतो आणि आपण पाय मागे घेतो. मिरचीतले कॅप्सेसिनही तेच प्रथिन उघडते, म्हणून झणझणीत शेंगाचटणीने तोंड खरोखर पोळल्यासारखे वाटते. दीर्घकाळच्या मधुमेहात हे बारीक तंतू खराब होतात आणि त्या खराबीची दोन रूपे एकाच पायात एकत्र नांदतात. काही तंतू बाहेर कोणतीही उष्णता नसताना आपोआप संदेश पाठवत राहतात, ती तळपायाची आग; आणि काही तंतू खरी उष्णता समोर असतानाही संदेश पाठवू शकत नाहीत, तो बधिरपणा. त्यामुळे ‘आग होते आहे म्हणजे पायाला सगळे कळते आहे’ हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. त्वचा भाजण्याचे गणित तर १९४७ मध्येच मांडले गेले आहे: ४४ अंशांना भाजायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना काही सेकंद पुरतात. तव्यावरून उतरवलेली माती किती अंशांवर आहे हे ज्या पायाला सांगता येत नाही, तोच पाय तीत ठेवायला हा संदेश सांगतो. तपासणीत डॉक्टर नायलॉनचा एक तंतू वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात, तेव्हा १० ग्रॅमचा दाब पडतो. तो ज्याला जाणवत नाही त्याने गरम पाण्याची पिशवीही पायाशी घेऊ नये आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये.

वेदना नसण्याची किंमत किती असते, याचा आणखी एक पुरावा आहे. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास २००६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कुटुंबांतल्या काही मुलांना एससीएन९ए या जनुकातल्या दोषामुळे जन्मापासून वेदनाच जाणवत नव्हती. त्यांच्या ओठांना आणि जिभेला स्वतःच्याच दातांनी झालेल्या जखमा होत्या, हाडे मोडलेली होती. ज्याच्यामुळे संशोधकांचे लक्ष तिकडे गेले तो मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला.

आता मंगळाकडे वळू. संदेशात ज्या प्रयोगाचे नाव न घेता आधार घेतला आहे, तो बहुधा ‘फिनिक्स’ या यानावरचा आहे आणि तो खरोखर सुंदर प्रयोग आहे, म्हणूनच त्याची ही विटंबना सहन होत नाही. हे यान मे २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मैदानात उतरले. त्यावर चहाच्या कपाएवढी चार भांडी होती आणि त्यांच्या भिंतींत रासायनिक सेन्सर बसवलेले होते. यातले बहुतेक सेन्सर ठरावीक आयनाला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षाराच्या विद्युतभारित कणाला, प्रतिसाद देणारे होते. पृथ्वीवरून नेलेले सुमारे २५ मिलिलिटर पाणी भांड्यात सोडून, ज्ञात प्रमाणातल्या क्षारांनी सेन्सर जुळवून घेऊन मगच त्यात सुमारे एक घन सेंटिमीटर माती टाकली गेली. यातला एक सेन्सर नायट्रेटसाठी ठेवला होता. त्याने इतका प्रचंड संकेत दिला की तो नायट्रेटचा मानला तर नायट्रेटचे वजन टाकलेल्या मातीपेक्षा जास्त भरले असते. तो सेन्सर परक्लोरेटला, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन यांच्या आयनाला, कितीतरी अधिक संवेदनशील असतो, आणि मातीत होते ते परक्लोरेटच. ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या जुलै २००९ मधल्या शोधनिबंधात हे सगळे उघडपणे छापलेले आहे: परक्लोरेट वजनाने ०.४ ते ०.६ टक्के, मातीचा सामू (पीएच) सुमारे ७.७, शिवाय मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड. यात दडवलेले काहीच नाही. आणि त्या भांड्यात वेदना मोजणारे किंवा शोषणारे काहीही नव्हते. असूच शकत नव्हते, कारण सेन्सर ज्या आयनासाठी बनवला आहे त्याच्याशी आणि त्याच्या जवळच्या आयनांशीच बोलतो. उलट, परक्लोरेट शरीरात गेले तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेण्यापासून अडवते. ज्या मातीला औषध म्हटले जाते आहे, तिच्यातला सर्वांत लक्षणीय पदार्थ उद्या तिथे जाणाऱ्या अंतराळवीरांसाठी धोका मानला जातो. शिवाय मंगळावरची माती आजवर कोणत्याही यानाने पृथ्वीवर आणलेली नाही. तेव्हा पट्टीत ती कुठून आली?

पट्टीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मावशीने मागवलेल्यांपैकी एक न वापरलेली पट्टी मी चहाच्या आधणाच्या वाफेवर धरली. कोणाचाही पाय न लागता ती तपकिरी, मग काळपट झाली आणि तिला आंबूस, धुरकट वास आला. अशा पट्ट्यांत लाकडाच्या धुरापासून केलेल्या शिरक्याची (व्हिनेगरची) भुकटी घालतात आणि ती ओलाव्याने काळी पडते. पायाला घाम येतो, एवढेच यातून सिद्ध होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये अशाच पट्ट्या विकणाऱ्यांना न्यायालयात खेचले होते. रक्तातली टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. खरा रासायनिक सेन्सर मावशीच्या कपाटात आधीपासूनच आहे: ग्लुकोमीटरची पट्टी, जिच्यावरचे विकर (एन्झाइम) मुख्यतः ग्लुकोजशी अभिक्रिया करते आणि त्यातून निघालेला विद्युतप्रवाह यंत्र आकड्यात दाखवते. ती पट्टी रोज वापरली असती तर बरे झाले असते.

काळी माती मंगळाच्या मातीसारखी आहे, या वाक्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. दख्खनचा खडक बेसॉल्ट आहे, मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसॉल्टचा आहे. आपली काळी माती ज्या गटातल्या चिकणमातीमुळे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या गटातली खनिजे नासाच्या ‘क्युरिऑसिटी’ या फिरत्या यानाला मंगळावरच्या गेल विवरातही सापडली आहेत. लोणारचे विवर बेसॉल्टमध्ये असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. पण खडकाचे कूळ एक असणे आणि मातीने दुखणे थांबणे यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. शेतातल्या किंवा कुंडीतल्या मातीत जंतू असतात, आणि मधुमेही माणसाच्या फुटलेल्या फोडात त्यांना वाट मिळते.

वेदना मेंदूत जाणवते, हेही खरे आहे. ती काल्पनिक असते असा त्याचा अर्थ मात्र होत नाही. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम, अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाने मावळला. म्हणजे त्या आरामामागेही शरीरातली खरी, अफूसारखे काम करणारी द्रव्ये होती. मातीत पाय ठेवून मावशीला थोडे बरे वाटले असेल तर तो भास नव्हता, पण त्याने तिच्या तंतूंचे नुकसान थांबलेले नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत स्पष्ट म्हटले आहे की माणूस दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. ‘सगळे डोक्यातच आहे’ म्हणून वृद्ध बाईची गोळी काढून घेणे याच्या अगदी उलट आहे.

आणि त्या गोळ्या साध्या वेदनाशामक नव्हेत. तळपायाच्या अशा आगीसाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे देतात आणि ती मज्जासंस्थेवरच, म्हणजे संदेशात जिचे नाव घेतले आहे त्या मेंदूच्या व्यवस्थेवरच काम करतात. ती एकाएकी बंद केल्यास झोप उडणे, घाम सुटणे, मळमळ आणि प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिनच्या बाबतीत क्वचित झटके येणे असे त्रास होऊ शकतात. ज्यांनी हा संदेश वाचून गोळ्या थांबवल्या आहेत त्यांनी त्या स्वतःच्या मनाने पुन्हा पूर्ण मात्रेत सुरू करू नयेत. किती दिवस बंद होत्या हे डॉक्टरांना सांगावे आणि त्याच भेटीत दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसकट, उघडे करून दाखवावेत.