काचबिंदू असलेल्या माणसाला शीर्षासन सांगणारा तो फॉरवर्ड

‘जेंटल योगा नावाची फसवणूक’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या आत्यालाही तो आला. आत्या ६८ वर्षांची, कोथरूडला राहते, घराजवळच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या सौम्य योगवर्गाला जाते. जाते म्हणजे जायची. मेसेज वाचून तिने वर्ग बंद केला आणि मला फोनवर विचारलं, “भिंतीला टेकून शीर्षासन करायला घेऊ का गं? डोळ्यांना चांगलं असतं म्हणे.” आत्याला काचबिंदू आहे. रोज रात्री डोळ्यांत औषध घालावं लागतं.

म्हणून आधी तोच मुद्दा. मेसेज म्हणतो, ‘साठीनंतर रोज पाच मिनिटं शीर्षासन करा, डोळ्यांचे सगळे विकार जातात.’ हे लिहिणाऱ्याने काचबिंदू म्हणजे काय एवढं तरी विचारायला हवं होतं. या आजारात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू मरते. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब घालायचे ते हा दाब खाली ठेवायला. आणि शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो. नेत्रतज्ज्ञांनी तो मोजून पाहिला आहे. नुसतं अधोमुख श्वानासन, म्हणजे हात-पाय जमिनीवर, कंबर वर आणि डोकं खाली, एवढं केलं तरी दाब चढतो. म्हणजे औषधाने कमावलेलं रोज पाच मिनिटं उलटं टांगून घालवायचं! शिवाय या वयात मानेचे मणके झिजलेले, हाडं ठिसूळ, तोल गेला तर धरायला घरात कोणी नाही.

यावर हमखास उत्तर येतं, ‘अय्यंगार गुरुजी नव्वदीतही शीर्षासन करायचे.’ पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार करायचे, खरं आहे. पण त्यामागे कोवळ्या वयापासूनचा रोजचा सराव होता. त्यांच्या पद्धतीतही नव्या माणसाला थेट डोक्यावर उभं करत नाहीत, सुरुवात उभ्या आसनांनी होते.

आणि अय्यंगारांचं नाव काढलंच आहे तर मेसेजचा पहिला मुद्दा तिथेच निकालात निघतो. ‘खुर्ची, लोड, पट्टे घेऊन केलेला योग हे परदेशी खूळ आहे.’ पुण्यात बसून हे पुढे पाठवायचं म्हणजे कमाल आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि २०१४ मध्ये इथेच गेले. खुर्ची, लाकडी विटा, पट्टे, भिंतीवरचे दोर, घड्या घातलेली ब्लँकेट्स यांचा आसनांसाठी पद्धतशीर वापर त्यांनी या शहरात बसवला, तोही आजारी आणि ताठरलेल्या अंगाच्या माणसांना आसनाचा पूर्ण लाभ मिळावा म्हणून. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून उभी आहे. जगभरातले शिक्षक तिथे शिकायला येतात. खूळ परदेशातून आलेलं नाही, विद्या इथून तिकडे गेली आहे.

आत्याच्या वर्गात खुर्ची कशासाठी असते तेही सांगते. बाई पहिल्या दिवशी प्रत्येकाला बीपी, गुडघे, मणका, डोळे, झालेली ऑपरेशनं विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात. बाकीचे पुढे वाकतात तेव्हा आत्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाठ लांब करते, डोकं खाली जाऊ देत नाही. पाठीला ताण तोच मिळतो, डोळ्यांना धोका नाही. तासाभरात सांधे मोकळे करणं, भिंतीपाशी ताडासन, लोडावर सेतुबंध, थोडा श्वास, शेवटी शवासन. नवीन माणसाने एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि जमत नसेल तिथे “मला हे नको” म्हणावं. चांगल्या वर्गात त्याचा कोणाला राग येत नाही.

‘दुखलं म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय’ हे तर धादांत खोटं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामात पाणी आणि मीठच जास्त. गुडघ्यात कळ आली तर थांबायचं. हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ सांगतो की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, म्हणजे श्वास, साधावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. परंपरेचा एवढा पुळका आहे तर हेही पाठवा.

शवासनाला ‘पैसे देऊन झोप’ म्हटलंय, त्यावर वेळ घालवत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. नुसत्या सौम्य वर्गाने सगळा व्यायाम होतो असं नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगते. तेव्हा झपाझप चालणं हवंच. पण म्हणून वर्ग सोडायचं काय कारण?

राहिला शेवटचा मुद्दा, ‘सहा आठवड्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या बंद.’ बीपीच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारून वर जातो. योगाने दाब थोडा उतरू शकतो, पण डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, बीपी मोजून. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन ‘योग उपाशीपोटीच’ म्हणत रिकाम्या पोटी वर्गाला जाऊ नका; साखर उतरून चक्कर येते. काय खाऊन जायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि गोळी चालू आहे हे बाईंना सांगा.