बेलचे हत्ती आणि भाच्याचं एल्क

"ज्या चिमुकल्या काडतुसाने हजारावर हत्ती लोळवले, त्याच्याहून मोठं काडतूस एल्कला कशाला? .२२३ पुरे!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, .२२३ म्हणजे रायफलचं एक लहान काडतूस.) मी सोडून देत होतो. पण कोलोरॅडोतल्या भाच्याने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग .२२३ च घेऊ ना?" आता गप्प बसवत नाही.

मेसेज ज्याच्याबद्दल आहे तो शिकारी वॉल्टर बेल खरा, त्याचे हत्तीही खरे. हस्तिदंतासाठी आफ्रिकेत त्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ रिग्बी या काडतुसाने, म्हणजेच ७×५७ माउझरने. पुढचं मात्र मेसेजवाल्याने गिळलं. बेलची गोळी १७३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप); .२२३ ची नेहमीची ५५. तिप्पट वजनाची गोळी चिमुकली कशी? शिवाय ती पूर्ण धातूच्या कवचाची, म्हणजे आत शिरल्यावर न फुलणारी, लांब, सडसडीत, हत्तीच्या कवटीचं हाड भेदून मेंदूपर्यंत सरळ जाणारी. मेंदू नेमका कुठे असतो ते कळावं म्हणून या माणसाने कवटी करवतीने चिरून पाहिली होती. आमच्या भाच्याने अजून कागदापलीकडे काही टिपलेलं नाही! एल्कवर नेम धरतात तो पुढच्या पायाच्या मागे, छातीवर. तिथे गोळी आत शिरून फुलायला हवी. बेलची न फुलणारी गोळी कोलोरॅडोत एल्कवर झाडणं हाच गुन्हा.

तिथला नियम असा: गोळीचा व्यास किमान .२४ इंच, गोळी फुलणारी, एल्क आणि मूस (आणखी एक मोठं हरीण) यांच्यासाठी वजन किमान ८५ ग्रेन, १०० यार्डांवर जोर किमान १,००० फूट-पाउंड (गोळीच्या ऊर्जेचं माप). .२२३ च्या गोळीचा व्यास .२२४ इंच. म्हणजे पहिल्याच अटीत बाद.

"वेग असला की वजन लागत नाही," हे मेसेजमधलं दुसरं वाक्य त्याहून घातक. एल्कचा नर ३०० किलोच्या घरातला. त्याच्या खांद्याच्या हाडावर हलकी, पातळ कवचाची गोळी वरच्यावर फुटू शकते. मग जनावर तीन पायांवर झाडीत शिरतं आणि सापडत नाही. त्या मरणाचा हिशेब मेसेजमध्ये कुठेच नाही.

मेसेजने शिकारी जिम कॉर्बेटचं नावही ओढलंय. त्यांच्याकडे .२७५ होती, तशी .४५०/४०० या जड काडतुसाची दुनळीही होती.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: नेम काडतुसापेक्षा महत्त्वाचा. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाच्या, दणक्याला घाबरून चाप ओढताना डोळे मिटणाऱ्यापेक्षा साधी .३०८ काडतुसाची रायफल शांतपणे चालवणारा कधीही बरा. पण म्हणून .२२३?

तर भाच्या, तुझ्या मित्राकडे .३०८ आहेच. तीच माग, १६५ ग्रेनची फुलणारी काडतुसं घे, आणि ऑक्टोबरच्या आत तीच काडतुसं रेंजवर झाडून दुर्बिणीचा नेम बसवून घे. नळी १६ इंचांहून आखूड नको, तोही नियमच आहे.