छापील रकान्याबाहेर

रुग्णालय प्रशासकांची एकदिवसीय परिषद संपली, पाहुण्यांनी आपापल्या गावच्या गाड्या धरल्या आणि माझ्या वाट्याला ११२ अभिप्राय-अर्ज आले. संयोजन समितीच्या बैठकीत कामे वाटली जात असताना मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, एवढाच माझा अपराध. परत आलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, अभिप्रायांचं तुम्ही बघा." अर्ज इतरांनी भरायचे असताना माझ्या अक्षराचा काय संबंध, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही. निवेदनाचे काम तर माझ्याकडे आधीपासूनच होते.

परिषद मे महिन्यात होती. सोलापुरात त्या दिवसांत शहाणा माणूस दुपारी उंबरठा ओलांडत नाही. पण लग्नतिथी नसलेला आणि सभागृह मोकळे असलेला तो एकच रविवार मिळाला. अर्जावर पाच सत्रे आणि प्रत्येक सत्रापुढे एक ते पाच असे आकडे छापलेले होते. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तेव्हा माणूस विचार करून एकेका पायरीवर थांबेल अशी त्याची समजूत असावी. आमच्याकडे मात्र अर्ज दिल्याशिवाय सहभागाचे प्रमाणपत्र मिळणार नव्हते आणि प्रमाणपत्राचे टेबल दाराशीच होते. त्यामुळे बहुतेकांनी पाचच्या आकड्यांवरून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली होती. त्या रेघेच्या तडाख्यात सायबर सुरक्षेचे सत्रही सापडले. त्याचे वक्ते आलेच नव्हते, आणि तरीही दिवसातली सर्वोत्तम सरासरी त्यांचीच निघाली. अध्यक्षांचे मत असे पडले की, पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवावे.

मला हसण्याचा अधिकार नव्हता. आमच्या रुग्णालयातही अभिप्रायाचा अर्ज बिलाच्या खिडकीवरच ठेवलेला असतो. विमा कंपनीकडून कॅशलेसची शेवटची मंजुरी यायची असते, रुग्ण सकाळपासून कपडे बदलून पलंगावर बसलेला असतो आणि खाली रिक्षावाला खोळंबलेला असतो. अशा वेळी त्याच्या मुलापुढे अर्ज सरकवला, की तो पाच काय, पन्नासही गुण देईल. तीच कागदपत्रे मी दर महिन्याला 'रुग्ण-समाधान' या मथळ्याखाली व्यवस्थापनापुढे ठेवतो.

आकड्यांनी दगा दिला तरी 'इतर सूचना' या रकान्यात माणसे मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे. येथेही झाली होती. फक्त ती जेवणावर झाली होती. परगावच्या एका प्रतिनिधींनी "कडक भाकरी फार कडक होती" अशी तक्रार केली होती, तिला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या सत्रासमोर कोणीतरी "शेंगाचटणी उत्तम, असे उपक्रम वारंवार व्हावेत" असे लिहिले होते. त्याच सत्राबद्दलचा दुसरा अभिप्राय मात्र बोचरा होता. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे कचऱ्याचे चार रंग वक्त्यांनी तासभर समजावून सांगितले आणि त्यानंतर आम्ही सर्वांनी पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि उरलेले अन्न एकाच पिंपात टाकले, असे त्यात नमूद केले होते. अग्निसुरक्षेच्या सत्राबद्दलही एकाने असेच टिपले होते. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते, हे व्यासपीठावरून सांगितले जात असताना व्यासपीठामागचा आपत्कालीन दरवाजा वक्त्यांना भेट द्यायच्या सोलापुरी चादरींच्या गठ्ठ्याने बंद झाला होता. गठ्ठा मीच तेथे ठेवला होता, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावे.

अर्जांचा ढीग नऊ दिवस घरच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. "अहो, हा कचरा कधी उचलणार?" असे सौभाग्यवतींनी तीनदा विचारले. जैववैद्यकीय कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ साठवता येत नाही. अभिप्रायांना अशी मुदत कोणत्याही नियमात नाही, हे मी तिला सांगितले. तिने टेबलावर ताटे मांडायला सुरुवात केली.

दहाव्या दिवशी, तळाशी, एक अर्ज सापडला ज्यावर रेघ नव्हती. जन आरोग्य योजनेच्या क्लेमवरील सत्राला त्याने दोन गुण दिले होते. ही योजना राजीव गांधींच्या नावाने २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. म्हणजे क्लेमच्या त्रुटी काढून घेण्याचा आमचा अनुभव राज्यातील बहुतेकांहून जुना आहे, आणि या विषयावर आम्हाला कोणी सहज गुंडाळू शकत नाही. त्या प्रतिनिधीने लिहिले होते, "क्लेम का नाकारले जातात हे वक्त्यांनी छान सांगितले. नाकारल्यावर दाद कशी मागायची, हे विचारायला मी हात वर केला होता. तेवढ्यात निवेदकांनी भाकरी गार होत असल्याची घोषणा केली."

खाली त्याने पट्टी न वापरता, हाताने, एक नवा चौकोन आखला होता. त्यावर 'निवेदन' असे लिहून आत एक हा आकडा घातला होता आणि तो दोनदा गिरवला होता.

मी बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत बसलो. मग अहवालात असे नोंदवले, की सदर रकाना छापील नमुन्यात नसल्यामुळे त्यातील गुण सरासरीत धरता येत नाहीत.