भिंत आम्हालाही कळते

‘रंगाचे डबे घेऊन भिंती रंगवत पळण्यातली मजा शहरात वाढलेल्यालाच कळेल’ हे ‘जेट सेट रेडिओ’ या व्हिडिओ गेमवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. स्केट्सवर पळत, पोलिसांना चुकवत भिंतींवर चित्रं रंगवायची, असा हा खेळ. तो मी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात खेळलो. 2012 साली संगणकावर आलेली आवृत्ती, जुना लॅपटॉप, उसना कंट्रोलर. लाइट जायच्या आत लेव्हल संपवायची. स्केट्स आजवर पायात घातले नाहीत, आमच्या रस्त्यावर ते चालणारही नाहीत. पण भिंत कळते की! माझा काका पेरणीआधी बियाण्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवायचा. मोठं अक्षर आलं की श्वास रोखून एका दमात वेलांटी ओढायचा. मध्येच कुण्या पोट्ट्यानं हाक मारली की शिवी ठरलेली. खेळात मोठ्या चित्रासाठी बाण दाखवतील तशी कंट्रोलरची स्टिक फिरवायची, तीही मागं पोलीस लागलेले असताना. तेव्हा मला काकाच आठवायचा.

लेखात खरी गोष्ट राहूनच गेली. 2002 च्या ‘जेट सेट रेडिओ फ्युचर’ या पुढच्या भागात हे स्टिक फिरवणं काढून टाकलं, बटण दाबत गेलं की चित्र तयार. नागपूरला मित्राच्या एक्सबॉक्सवर खेळलो तेव्हा अर्धा रस तिथंच गेला. गाणी मात्र लय झकास.