नसलेल्या माणसाचा मेल कसा सांभाळावा

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्याचा मेल रिले सर्व्हर, म्हणजे बाहेरून आलेला मेल घेऊन आतल्या सर्व्हरकडे पोचवणारा दारवान, तुमच्या गळ्यात पडला असेल, तर दारात आलेल्याला नाही म्हणू नका. 'येवा, कोकण आपलाच असा' हे काय फक्त पर्यटकांसाठी आहे? कारखान्यात मेलबॉक्स चारच: सावंत, परब, नाईक आणि अकाउंट्स. पण रात्री कुणीतरी ॲरन, ॲबी, ॲडम, ॲग्नेस अशी नावांची जंत्री घेऊन बसतो आणि एकेकाच्या नावाने आपल्या डोमेनवर मेल सोडत सुटतो. घ्या सगळे आत. रिले चालवणाऱ्या पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर त्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. 'रिले रेसिपियंट मॅप्स', म्हणजे कुणाकुणाचा मेल घ्यायचा ती यादी, रिकामे सोडा, की डोमेन आपलं असलं म्हणजे कुठलंही नाव त्याला चालतं.

किरकिरे लोक सांगतील, खऱ्या पत्त्यांची यादी रिलेला द्या, तो दारातच '५५० युजर अननोन' म्हणेल, मजकूर उतरवून घ्यायचा प्रश्नच नाही. पण यादी म्हणजे माणूस लागला की नाव घाला, सोडून गेला की काढा. इथे पगारपत्रकाला तेवढा वेळ मिळत नाही.

आता गंमत पुढे. आतला सर्व्हर ॲग्नेसला ओळखत नाही. रिले मात्र '२५०', म्हणजे 'घेतला', म्हणून मोकळा झालेला, म्हणजे जबाबदारी त्याची. त्याने मेल परत करायचा. कुणाला? पाठवणारा म्हणून ज्याचा पत्ता लिहिलाय त्याला. तो पत्ता स्पॅमवाल्याने कुठून तरी उचललेला असतो, असेना का! समजा तो नाशिकच्या एखाद्या बाईंचा निघाला. सकाळी त्या मेल उघडतात तर मेलर-डीमनची, म्हणजे खुद्द सर्व्हरने धाडलेली, शेकडो पत्रं: आपण ॲग्नेसला पाठवलेला मेल पोचला नाही. सोबत मूळ मेल जोडलेला, म्हणजे वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरातही त्यांना आपल्याच हस्ते. बाईंनी काजू मागवले नव्हते, तरी कारखान्याचं नाव घरोघर पोचलं. याला म्हणतात मार्केटिंग.

ज्यांचा सर्व्हरच बंद आहे त्यांना जाणारे बाऊन्स, म्हणजे ही परतीची पत्रं, ५ दिवस रांगेत पडून राहतात. राहू देत. खऱ्या ऑर्डरी मागे ताटकळल्या तरी रांग भरलेली दिसली पाहिजे. साहेबांना वाटतं धंदा जोरात आहे.

उद्या आपल्याच पत्त्यांच्या नावाने कुणी असा उद्योग केला आणि बाऊन्स आपल्यावर कोसळले, तर पाठवणाऱ्याची जागा रिकामी असलेला प्रत्येक मेल अडवा; बाऊन्स तसेच येतात. बाऊन्सला बाऊन्स जाऊन दोन सर्व्हर एकमेकांशी फुगडी घालत बसू नयेत म्हणून ती जागा मुद्दाम कोरी ठेवतात, पण तो पुस्तकी विचार झाला. मग नाईकांनी दर कळवताना व्यापाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकवलं, तर 'पोचला नाही' हे त्यांना कधीच कळणार नाही. व्यापारी गोव्यातून माल उचलेल आणि नाईक सुखाने उत्तराची वाट बघतील.

आणि एक दिवस या उद्योगापायी तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता ब्लॅकलिस्टवर, म्हणजे ज्यांचा मेल घ्यायचा नाही अशांच्या यादीवर, चढला, कुणाचंच काही जाईना, की सांगा महामार्गाच्या कामात केबल तुटली. कोण शंका घेणार? निम्म्या वेळा ती खरंच तुटलेली असते.