काही लागलं का?

आमच्या वसाहतीच्या मागे एक तळं आहे. म्हणजे मी त्याला तळं म्हणतो. तिथे मासे धरायला चालतं का, हे विचारायला मी एकदा संबंधित कार्यालयात फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, "तिथे तळं दिसत नाही हो. तिथे पावसाच्या पाण्याची व्यवस्था आहे."

"मग त्या व्यवस्थेत मासे धरले तर चालतील का?"

"आम्ही मासे सोडलेलेच नाहीत," ते म्हणाले. सोडलेच नाहीत ते धरायला मनाई तरी कशी करायची, हा पेच त्यांनाही पडला असावा. "परवाना असेल तर धरा बापडे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. परवाना मी रीतसर काढला. आयुष्यात इतक्या निरुपयोगी कागदाला मी पहिल्यांदाच प्लास्टिकचं कव्हर घातलं.

व्यवस्था साधी आहे. छपरांवर, रस्त्यांवर, गाड्यांच्या तळांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही. तो पाइपांतून इथे येतो. इथे जरा थांबतो, बरोबर आणलेला गाळ खाली बसवतो आणि दुसऱ्या टोकाच्या काँक्रीटच्या पेटीतून हळूहळू पुढे जातो, म्हणजे खालच्या ओढ्याला एकदम लोंढा येत नाही. पावसाबरोबर गाड्यांचं तेल येतं, टायरची झीज येते, हिरवळीला घातलेलं खत येतं आणि कुत्र्यांच्या मालकांनी 'पाहिलंच नाही' असं ठरवलेलं सगळं येतं. 'तळं राखील तो पाणी चाखील' ही म्हण ज्याने केली, त्याने हे तळं पाहिलं नव्हतं. त्यामुळे इथला मासा खायचा नाही, धरला की सोडायचा, हा माझा नियम. आता, धरलाच नाही तर सोडायचा प्रश्न येत नाही, म्हणून हा नियम मी गेली दोन वर्षं अत्यंत काटेकोरपणे पाळत आलो आहे.

मग मासे आले कुठून? या प्रश्नाचं एक उत्तर मला फार आवडतं. २०२० साली हंगेरीतल्या संशोधकांनी रानबदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली. बहुतेक अंडी पचली. पण हजारात साधारण दोन अंडी सगळा अंतर्गत प्रवास करून पलीकडून शाबूत बाहेर पडली आणि त्यातल्या काहींमधून चक्क पिल्लं निघाली. आमच्या तळ्यावर बदकं भरपूर. तेव्हापासून कुठलंही बदक शेपटी हलवून पाण्यात उतरलं की मी टोपी काढतो. बाकीचे मासे पुराबरोबर येतात, नाहीतर रात्री अंधारात कुणीतरी काचेची पेटी रिकामी करून जातं. ते पुढे येईलच.

खरा छळ माशांचा नाही. तळ्याभोवती चालायची वाट आहे, छळ तिचा आहे. पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं म्हणजे साऱ्या गावाकडे पाठ करून उभं राहायचं, आणि पाठ दिसली की माणसाला प्रश्न सुचतात. निळी टोपी घातलेले एक गृहस्थ रोज आठ फेऱ्या मारतात. एक फेरी साडेसहा मिनिटांची. दर साडेसहा मिनिटांनी माझ्या पाठीमागे चपला थांबतात आणि आवाज येतो, "काही लागलं का?"

"नाही."

"यात मासे आहेत तरी का?"

"आहेत."

"दिसत नाहीत," असं म्हणून ते, जणू मीच ते लपवलेत अशा नजरेने माझ्या पिशवीकडे बघत पुढे जातात. माशाला बाहेरून कान दिसत नसले तरी त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, पाण्यातली बारीक थरथरही त्याला तिच्यातून कळते. म्हणजे या गृहस्थांच्या फेऱ्या माशांना पाठ असणार. काठावरच्या मऊ मातीत एक चप्पल आपटली की तळं कुलूप लावल्यासारखं गप्प होतं. मला ते मासे अक्षरशः पाण्यात पाहतात.

एकदा मात्र मी त्यांना होकारार्थी उत्तर दिलं. गळ अंगठ्यात रुतला होता. "काही लागलं का?" "हो," म्हटलं, "अंगठ्याला."

गळांचंही एक शास्त्र आहे, आणि ते कुणी रागाच्या भरात रचलेलं असावं. १० नंबरचा गळ ४ नंबरच्या गळापेक्षा लहान. आकडा कमी होईल तसा गळ मोठा. मग १ नंबर आला की गंगा उलटी वाहते: त्यापुढे १/०, २/०, ३/०, आणि आता आकडा वाढेल तसा गळ वाढतो. हे समजेपर्यंत मी बोटाएवढ्या माशांसाठी मगर धरायचं सामान घेऊन उभा होतो. काठी मागे नेऊन झोकात फेकली की मागचं झाड हमखास लागतं. आजवर माझ्या गळाला लागलेल्यांत एक टेनिसचा चेंडू, एक डावा मोजा, तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक कासव आहे. कासवाला मी सोडवत असताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याची माफी मागितली.

उन्हाळ्यात एका पहाटे मात्र मला वाटलं, दिवस फिरले. शेकडो मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते. घाईघाईने मी काठी जोडली आणि मग जरा वाकून नीट पाहिलं. ते काही खात नव्हते, धापा टाकत होते. खताने शेवाळ माजतं, दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तोच ओढतं. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पाण्यात हवा मिसळणारं तळ्यातलं कारंजं बंद पडलं होतं. दम लागलेल्याच्या तोंडात गळ घालणं माझ्याच्याने होईना. काठी गुंडाळली आणि पुन्हा त्याच कार्यालयात फोन केला. "तळ्याचं कारंजं..." "कुठलं तळं?" "व्यवस्थेचं कारंजं," म्हणालो. दुपारी चालू झालं. शब्द बरोबर वापरला की कामं होतात.

शेवटी गेल्या आठवड्यात तो दिवस आला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाऊस पडून गेला की पाइपाच्या तोंडाशी गांडुळं, किडे वाहून येतात आणि मासे तिथे जमतात, हे मला वाचून ठाऊक होतं. मक्याचा एक दाणा लावला. लाल-पांढरं बूच एकदा थरथरलं, आडवं झालं आणि सरळ खाली गेलं. रीळ किर्र करत फिरलं. गढूळ पाण्यात पिवळसर काहीतरी वळलं. कार्प! नक्की कार्प! गुडघाभर चिखलात उतरून, हात ओले करून (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो) मी त्याला उचललं. कार्पच्या तोंडाला चार मिशा असतात. याला एकही नव्हती. शिवाय तो भगवा होता.

वीतभर लांबीचा गोल्डफिश. काचेच्या भांड्यातला हा मासा मोकळ्या पाण्यात बेसुमार वाढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये बर्न्सव्हिल शहराने २०२१ साली असे भलेमोठे गोल्डफिश तळ्यातून काढले होते आणि लोकांना हात जोडून सांगितलं होतं की, बाबांनो, घरचे मासे तळ्यात सोडू नका. ते तळ उकरतात, पाणी गढूळ करतात.

"काका, हा आमचा आहे."

सहा-सात वर्षांचा मुलगा, मागे त्याची आई. "शेपटीवर पांढरा ठिपका आहे बघ, आई! तू म्हणालीस ना, तो मोठ्या नदीत राहायला गेला?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माशाकडे. माशाने ओळख दाखवली नाही, हे त्याचं मोठेपण.

"पाणी सगळं एकच असतं रे," त्या म्हणाल्या. पण मुलगा आता माझ्याकडे वळला होता. असा मासा परत तळ्यात सोडायचा नसतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. आणि घरी न्यायला माझ्याकडे बादली आहे, हेही सांगून टाकलं. बाईंची नजर अजून माझ्या पाठीत आहे.

मी तळ्याचं पाणी भरून बादली त्यांच्या हातात दिली. दोघं वाटेला लागतात न लागतात तोच समोरून निळी टोपी आली. गृहस्थ थांबले, बादलीत डोकावले आणि दोन वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेला आदर त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. बाईंशी ते बराच वेळ बोलले. मग माझ्यापाशी आले. मी चिखलात, रिकाम्या हातांनी उभा.

"बघा," ते म्हणाले, "त्या बाईंना लागला. जरा विचारून घ्या, त्या काय लावतात."