अकराव्या वचनाआधी दहावं वचन आहे

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हे वचन माहीत नसलेला ख्रिस्ती माणूस शोधावा लागेल. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो" हे वचन लग्नपत्रिकेवर असतं, वाढदिवसाच्या शुभेच्छांत असतं, मोबाइलच्या वॉलपेपरवर असतं. नोकरी गेलेल्याला आपण तेच पाठवतो आणि परीक्षेला बसणाऱ्यालाही तेच. मलाही या वचनानं धीर दिलाय, त्यामुळे त्याच्याविरुद्ध मी एक शब्दही लिहिणार नाही. पण त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी पाठवल्याचं मला आठवत नाही. त्यात देव म्हणतो की बाबेलची 70 वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन आणि तुम्हाला परत आणीन.

सत्तर वर्षं! ही वचनं ज्या पत्रात आहेत ते यिर्मयानं यरुशलेमहून बाबेलला बंदिवासात गेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं. ज्यांच्या समोर ते वाचलं गेलं, त्यातले बहुतेक जण यरुशलेम पुन्हा बघणार नव्हते, आणि हे त्यांना ऐकताक्षणी कळलं असणार. तरी त्याच पत्रात देव सांगतो: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे बॅगा भरून दारात बसू नका.

याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा आहे. तो मंदिरात, सगळ्यांसमोर, परमेश्वराचं नाव घेऊन सांगतो की बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयालाही हेच हवं होतं, म्हणून तो आधी म्हणतो, "आमेन, परमेश्वर असंच करो!" हा "आमेन" मला फार जवळचा वाटतो. संदेष्ट्यालाही लवकर सुटका हवी होती. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. नंतर देव त्याला परत पाठवतो, तेव्हा तो हनन्याला तोंडावर सांगतो की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतो आहेस.

हनन्या आजही आहेत. "याच वर्षी तुझं काम होणार, देवानं मला दाखवलंय" असं छातीठोकपणे सांगणारे. ऐकणाऱ्याला त्या क्षणी बळ येतं. मग वर्ष सरतं, काही होत नाही, आणि तो माणूस आपल्या विश्वासातच खोट काढत बसतो. सांगणारा तोवर दुसऱ्या कुणाला तरी तारीख देत असतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. "काळ व समय जाणणं तुमचं काम नाही" हे प्रेषितांना प्रत्यक्ष येशूनं सांगितलं. मग आपण कोण तारखा वाटणारे?

दुसरी सवय याहून सौम्य दिसते, पण लागते तेवढीच. एका प्रार्थनासभेनंतर एक बहीण उभी होती. बरीच वर्षं मुलासाठी प्रार्थना करतेय. दुसरी बहीण प्रेमानंच तिला म्हणाली, "सारेला नव्वदीत झालं ना, देवाच्या वेळेवर विश्वास ठेव." ती हसून "हो, आमेन" म्हणाली, आणि हातातल्या पवित्र शास्त्राच्या कव्हरची चेन उगाचच उघड-बंद करत राहिली. सांगणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सारेची गोष्ट एवढी सोपी आहे का? तिचा नवरा अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून हारानातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, त्यांचा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100. मधल्या 25 वर्षांत सारेचा धीर सुटला, तिनं मूल व्हावं म्हणून आपली दासी हागार नवऱ्यापुढे केली, आणि त्या उतावळेपणाची किंमत मोजली हागारेनं. सारेच्या जाचानं ती गरोदर बाई रानात पळून गेली आणि तिथं झऱ्यापाशी देवाच्या दूतानं तिला गाठलं. घाईचा भुर्दंड घाई करणाऱ्यालाच बसतो असं नाही, म्हणून धीराला एवढं मोल आहे. हे सगळं सांगायचं असेल तर जरूर सांगा. नुसता नव्वदीचा आकडा सांगून वळू नका.

आणि वाट पाहणाऱ्यानं तोंड मिटून राहावं, असं शास्त्रात कुठे आहे? 13 व्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कोठवर?" असं विचारतो. हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक तक्रारीनंच उघडतं, आणि "विलंब लागला तरी वाट पाहा" हे उत्तर त्या तक्रारीनंतर येतं. योसेफ मिसरात तुरुंगात असताना सुटून जाणाऱ्या प्यालेबरदाराला, म्हणजे तिथल्या राजाला, फारोला, प्याला देणाऱ्या सेवकाला, स्पष्ट सांगतो की माझी आठवण ठेव, फारोपाशी माझी गोष्ट काढ, माझा काही अपराध नाही. सुटकेसाठी त्यानं खटपट केली म्हणून त्याचा विश्वास उणा ठरला नाही. प्यालेबरदार विसरला, आणखी दोन वर्षं गेली, हा भाग वेगळा.

म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगतो. जिला घरी मारहाण होतेय तिला, ज्याच्या दुखण्याला आज डॉक्टर हवाय त्याला, "देवाच्या वेळेची वाट पाहा" असं सांगणं हा विश्वास नव्हे. तिथं वाट पाहायची नसते, मदत करायची असते. आपला आळस किंवा भीती देवाच्या खात्यावर टाकू नये. येशूनं न खचता प्रार्थना करायला शिकवताना उदाहरण दिलं ते विधवेचं, जी न्यायाधीशाच्या दारात पुन्हापुन्हा जाऊन त्याला बेजार करते.

मग देवाच्या वेळेवर भरवसा म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर मला बेथानी गावातल्या गोष्टीत मिळतं. मार्था, मरीया या बहिणी आणि त्यांचा भाऊ लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती असं योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की लाजर आजारी असल्याचं कळल्यावर तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर त्याला गाठते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मरीयाही तेच म्हणते. येशू दोघींपैकी कुणालाच दटावत नाही. आणि पुढच्या काही क्षणांत लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडतो. उशीर का केला याचं कारण त्यानं शिष्यांना सांगितलं होतं, पण मरीयेसमोर तो कारणं देत बसला नाही. जो उशिरा आला तोच आपल्यासोबत रडतो, एवढ्यावर मी टेकून आहे. माझ्या स्वतःच्या काही प्रार्थना अजून तशाच आहेत, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 11 वा अध्याय सांगतो की विश्वासानं जगलेले कित्येक जण अभिवचनाचं फळ हाती न पडताच मेले. शास्त्र हे झाकून ठेवत नाही, याचा मला खरंच दिलासा वाटतो.

म्हणून आपल्या मंडळ्यांना एक विनंती. साक्ष द्यायला आपण कुणाला उभं करतो? नोकरी लागली, रिपोर्ट चांगला आला, व्हिसा मिळाला, मूल झालं. त्या साक्षी हव्यातच, त्या ऐकून माझंही मन भरून येतं. पण ज्याला अजून काहीच मिळालेलं नाही आणि जो तरीही दर रविवारी येऊन बसतो, त्यालाही कधी माइक द्या. त्याला शेवट गोड करायला लावू नका. "मी अजून मागतोय" एवढंच बोलून तो खाली बसला, तरी आपण सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हणावं.